मुका सिनेमा, तांबडा डोंगर

आमच्या घरात जर्मन भुतं शिरली ती धार्मिक कारणाने. हे वाक्य लिहिताना मला हसू येतंय, पण त्यात थट्टा नाही. सौदीतल्या अल खफजीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि मध्ये खिडकीत बसवलेला एसी, जो कधी बंद पडला तर घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. त्या घराचे नियम दोन. सिनेमात बाजा नको, आणि भिंतीवर जिवाची तसबीर नको. माणूस नको, जनावर नको, चिमणीसुद्धा नको. टीव्हीवरची माणसं चालायची, कारण अब्बांच्या मते ती आरशातल्या सावलीसारखी, आली आणि गेली. भिंतीवर टांगलेलं मात्र राहतं. आता या दोन चाळण्या लावून जग चाळलं तर खाली काय पडेल? हिंदी पिक्चर पहिल्याच गाण्याला अडकतो. फुलं हुंगणाऱ्या बायकांची कॅलेंडरं अडकतात. खाली पडतात ते फार जुने जर्मन भयपट, ज्यांत कुणी गात नाही कारण कुणी बोलतच नाही. आणि त्याच सुमाराची जर्मन निसर्गचित्रं, ज्यांत डोंगर, झाडं, पाणी आणि आभाळ एवढंच, पण असं रंगवलेलं की रंगवणाऱ्याला सणकून ताप भरला असावा.

ही दोन्ही आमच्याकडे एकाच खोक्यातून आली. अब्बा कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या ऑफिसातला एक जर्मन इंजिनियर काम संपवून कायमचा परत निघाला, तेव्हा त्याने घर रिकामं करताना एक खोकं अब्बांच्या हातात दिलं. त्यात तीन व्हिडिओ कॅसेट आणि एक भलंमोठं भिंतीवरचं कॅलेंडर, दर महिन्याला एक जुनं चित्र. त्या कॅसेट त्याने विमानतळावरून आत कशा आणल्या होत्या ते अल्लाच जाणे. अब्बांनी पहिली कॅसेट दार लावून एकट्याने तपासली. बाहेर आले ते चष्मा पुसत. "शरीफा," ते अम्मीला म्हणाले, "बाजा होता, तो आवाज बंद करून घालवला. आता पार मुका आहे. बघायला हरकत नाही. पण ही घरं अशी कलंडलेली का आहेत कळत नाही. या लोकांकडे ओळंबा नव्हता की काय?"

अब्बांचा तो प्रश्न आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. पोळी वाकडी लाटली गेली की कुणीतरी म्हणायचं, "ओळंबा लाव गो." आणि खरंच, त्या पिक्चरमधलं एकही घर सरळ नव्हतं. भिंती कापडाच्या, त्यांवर खिडक्या रंगवलेल्या, दारं त्रिकोणी, रस्ता एका कोपऱ्यात जाऊन कात्रीसारखा मिटलेला. सावल्यासुद्धा दिव्याच्या नव्हत्या, ब्रशने जमिनीवर काढलेल्या होत्या. दिवा हलला तरी सावली जागची हलायची नाही, आणि भीती वाटायची ती नेमकी त्याची. पुढे कॉलेजात कळलं की या तऱ्हेला अभिव्यक्तिवाद असं भारदस्त नाव आहे, आणि ती चित्रं आणि ते पिक्चर यांचं गोत्र एकच. मला ते नाव कळायच्या आधीच कळलं होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला ते शिकवावं लागत नाही. डोंगर कसा दिसतो ते काढायचं नाही, डोंगराकडे बघून पोटात काय होतं ते काढायचं, एवढीच ती गोष्ट. उलट अब्बांसारखी सरळ रेघेवर पोट भरणारी माणसंच तिथे अडखळतात.

तीन कॅसेटपैकी एकच आमची झाली. तिचं नाव मला तेव्हाही वाचता आलं नाही आणि पुढे मी मुद्दाम शोधलं नाही. तिच्यात एक तरीवाला होता, तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. गाल बसलेला, डोळ्यांखाली काजळासारखं काळं. काळ्या पाण्यातून तो माणसांना पलीकडे न्यायचा, आणि ज्याला ज्याला नेलं त्याची सावली मात्र अलीकडेच राहायची, उठून घरी जायची, चुलीशी बसायची, बायकोच्या शेजारी निजायची. मधेच पडद्यावर काटेरी जर्मन अक्षरं येत. ती कुणाला कळत नव्हती. म्हणून अम्मी बोलायला लागली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून अब्बा आणि आणखी दोघं-तिघं कोकणातले पुरुष आमच्याकडे जेवायचे. तांदळाची भाकरी, हामूर माशाचं आंबट, नारळ मिळाला असेल तर सांदणं. जेवून पुरुष आतल्या खोलीत आडवे व्हायचे आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचे. मग बाहेरच्या खोलीत बायकांचं राज्य. पडदे ओढायचे, पोरांना दटावून कोपऱ्यात बसवायचं, तांदळाच्या डब्यामागून कॅसेट काढायची. माझी अम्मी एरवी इतकी कमी बोलायची की दुकानदाराला भाव विचारायचा तरी मला पुढे करायची. पण पडद्यावर ती तर दिसली की तिचा आवाजच बदलायचा. खाडीकाठचा, तर सुटताना पल्याडच्या माणसाला हाळी घालायचा आवाज.

"या गो बायांनो, या! तर सुटली, मागनं बोंब मारू नका!"

श्रीवर्धनच्या नजमाखाला कायम पुढे बसायच्या, खारे दाणे खात. पडद्यावर सावली जिना चढायला लागली, आणि त्या घरातली बाई दाराशी उभी राहिली. अम्मीने तिचं नाव सकीना ठेवलं होतं.

"अगो सकीना, दार लाव! तो तुजा घो नाय, त्याची सावली हाय!"

"मग सुट्टीवर येतो तो कोण गो?" नजमाखाला दाणे थांबवून विचारायच्या. "घो का सावली?"

"सुट्टीवर सावलीच येते. घो ऱ्हातो हितं कफील मालकाकडं, पासपोर्टासंगं."

बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या, कारण आत पुरुष झोपलेले. हसता हसता एकदा नजमाखाला रडायलाच लागल्या. त्यांचं लग्न झाल्यावर सात पावसाळे त्या श्रीवर्धनला आणि नवरा इथे, असंच गेलं होतं. अम्मीने पिक्चर थांबवला नाही. आवाज तेवढा खाली आणला आणि सकीनाच्या तोंडी घातलं, "ये बाबा सावली, बस. तुजा तरी भात वाढते." मी आजवर पुष्कळ चांगली नाटकं पाहिली आहेत. असं वाक्य माझ्या कानावर पुन्हा पडलेलं नाही.

हल्ली रियाधमध्ये थेटरं झाली आहेत. मी इथे बँकेत नोकरी करते, वेळ मिळाला की जाते. मागे एका सभागृहात असाच एक जुना मुका जर्मन पिक्चर दाखवला, पुढे एक माणूस पियानो वाजवत होता, तिकिटं संपलेली. माझा मुलगा बरोबर होता. "मम्मी, इट्स सो कूल," तो म्हणाला. मला मात्र सारखं वाटत होतं की काहीतरी राहिलंय. मध्यंतरात कळलं. इतकी भुतं, आणि त्यांना दार लाव म्हणून सांगणारं कुणी नाही.

तर ते कॅलेंडर. वर्ष संपल्यावर अब्बांनी त्यातली पानं एक एक करून तपासली. ज्यांत घोडे होते ती बाद, ज्यांत न्हाणाऱ्या बायका होत्या ती तर घाईघाईने बाद. एक पान पास झालं. तांबडा डोंगर, त्याला हिरवा कडा, वर पिवळंजर्द आभाळ, निळी झाडं भाल्यांसारखी तिरपी, आणि पायथ्याला काळं पाणी. अब्बांनी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. किब्ल्याच्या बाजूला लावलं, कारण खिळा तिथेच होता. नमाजेला उभं राहिलं की समोर तो डोंगर. अब्बा म्हणायचे, "निसर्ग आहे. अल्लाची करणी आहे. फक्त काढणाऱ्याचा हात वाकडा आहे."

मला एकदा गोवर आला आणि मी त्या खोलीत गादीवर कित्येक दिवस पडून होते. खालून, आडवं पडून, तापल्या डोळ्यांनी तो डोंगर बघताना पाण्याजवळचं एक झाड मला झाड वाटेना. तीनच फटकारे होते. एक निळा, एक काळा, वर एक पांढरा. निळी साडी, काळा पदर, डोक्यावर पांढरं गाठोडं. एक बाई तरीची वाट बघत उभी होती. आणि एकदा ती दिसली की मग ती पुन्हा झाड होईना. मी डोळे मिटून उघडले, उशी बदलून पाहिलं. बाई ती बाई. ही तर सकीना!

मला नियम पाठ होता. शाळेत चित्रकलेच्या बाई आम्हाला सांगायच्या, माणूस काढायचाच असेल तर गळ्यावर एक आडवी रेघ मारा, म्हणजे त्यात जीव राहत नाही. आमच्या वर्गात सगळ्यांच्या वहीत गळा कापलेले राजे आणि शेतकरी होते. घरी टूथपेस्टच्या खोक्यावरच्या हसणाऱ्या पोराच्या गळ्यावरही मीच पेनने रेघ मारायची. मग या बाईचं काय? मी माझ्याशीच वाद घातला, आणि मी वादात तरबेज होते. तिला डोळे नाहीत. तिला नाक नाही. तिला चेहराच नाही, मग ती बाई कशी? पण हे सगळं मला सुचत होतं तेव्हा अब्बा माझ्या उशाशी तिच्यासमोर सजद्यात होते, माझ्या तापासाठी दुवा मागत होते. मी तोंडावर चादर ओढली. बोलले असते तर चित्र गेलं असतं, आणि मला ती हवी होती. सगळ्या घरात मी एकटीने शोधलेलं असं तेवढंच होतं.

मग बशीरचाचा आले. अब्बांचे धाकटे भाऊ. वयाने धाकटे, पण मदिनेत राहायचे म्हणून घरात थोरले. हाजी लोकांच्या एका हॉटेलात कामाला होते, उंच, दाढी मेंदीने लाल, चालताना चपलेचा आवाज येऊ न देणारे. ते आले की आमच्या घराला इस्त्री केल्यासारखं व्हायचं. खजुराची पेटी, झमझमच्या पाण्याचा कॅन, आणि पाठोपाठ नजर. टीव्हीवर कापड. नजमाखालांना निरोप, या शुक्रवारी येऊ नका. अम्मीने कॅसेट तांदळाच्या डब्यामागून काढून तांदळाच्या आत पुरल्या. चाचा रागीट नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. ते कधी ओरडले नाहीत. शांतपणे एखादी वस्तू उचलून म्हणायचे, "भाबी, हे घरात बरं नाय," आणि ती वस्तू जायची. अम्मीच्या माहेरून आलेली, वर मोराचं भरतकाम असलेली पानाची चंची अशीच गेली होती. तिने एक शब्द काढला नव्हता.

त्या खेपेला अस्रची, दुपार कलल्यावरची नमाज पढून चाचा उठलेच नाहीत. मुसल्यावर बसून चित्राकडे बघत राहिले. अम्मीने चहा ठेवला, तो निवला.

"भाई," ते शेवटी म्हणाले, "हा आपल्या पल्याडचा डोंगर."

"जर्मनीतला आहे तो," अब्बा म्हणाले.

"असंल जर्मनीतला. पण खाडीच्या पल्याडचा हाच. मगरीबच्या आधी असाच तांबडा व्हायचा. विसरलास?"

"तांबडा व्हायचा. इतका वाकडा होत नव्हता."

"तू रेघा बघतोस भाई. मी डोंगर बघतोय." मग मागण्याची सवय नसलेल्या माणसासारखे खाली बघून म्हणाले, "हा मला देशील? माज्या खोलीला खिडकी नाय."

मी चाचांना काही मागताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अब्बा गडबडून उठले, "ने की! विचारायचं काय त्यात," म्हणत त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवलंसुद्धा. चाचांनी ते मांडीवर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"ह्यात जीव काय नाय ना? आता मला बारीक दिसत नाय." आणि त्यांनी मला हाक मारली. "शबाना, हितं ये. तुजे डोळे कोवळे. नीट बघून सांग."

स्वयंपाकघराच्या दारात अम्मी उभी होती. तिच्या मागे तांदळाचा डबा. तिचा हात झाकणावर होता. मी चित्रावर वाकले. सकीना जागेवर होती, पाण्याजवळ, गाठोडं घेऊन. आहे म्हटलं तर चित्र जाणार होतं, त्याचं मला आता तितकं वाटत नव्हतं. पण मग चाचा विचारणार, हे आलं कुठून; आणि अब्बा, ज्यांना खोटं बोलताच येत नव्हतं, सांगणार, एका खोक्यातून; आणि चाचा म्हणणार, बघू, खोक्यात आणखी काय आहे. पिक्चर मुका होता, त्याची परवानगी होती. पण अम्मी मुकी नव्हती. शुक्रवारचा तो आवाज पानाच्या चंचीसारखा निघून जाणार, आणि ती पुन्हा एक शब्द काढणार नाही, हे मला तिच्या झाकणावरच्या हाताकडे बघून दिसत होतं.

"नाही चाचा," मी म्हणाले. "झाडंच आहेत."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळून चित्र मदिनेला गेलं.

शुक्रवार पुन्हा सुरू झाले, तर पुन्हा सुटली, नजमाखाला पुन्हा हसल्या. अब्बांची बदली रियाधला होईपर्यंत ते चाललं आणि अम्मी दर शुक्रवारी जास्त जास्त चांगलं बोलत गेली. त्या बाबतीत मी आजही ताठ मानेने सांगते की मी बरोबर केलं. पण दुसरी बाजू कधी कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही, अम्मीला तर नाहीच. एक पापभिरू माणूस, मदिनेसारख्या जागी, खिडकी नसलेल्या खोलीत, माझ्या शब्दावर विसंबून एका बाईच्या चित्रासमोर रोज उभा राहत होता. आम्ही मदिनेला जायचो तेव्हा मी त्यांच्या खोलीवर कधी गेले नाही. डोकं दुखतंय, मुलगा झोपलाय, पाय सुजलेत. ते हॉटेलच्या खाली येऊन भेटायचे, खजूर द्यायचे, "बरी हायस?" विचारायचे आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे, की मलाच तसं वाटायचं. बँकेत मी लोकांच्या तोंडावर नाही म्हणायला प्रसिद्ध आहे. चाचांपुढे माझी नजर चपलेवर असायची.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांना हवी होती तशी मदिनेची माती मिळाली. अब्बा आधीच गेलेले, माझा भाऊ तिकडे रत्नागिरीला, म्हणून खोली आवरायला मी आणि माझा नवरा गेलो. खोली लहान, स्वच्छ, चपला ओळीत, उशाशी चाचांचा जाड चष्मा. आणि पलंगासमोर डोंगर. तांबडा रंग उडून विटकरी झालेला, आभाळ पार फिकं. नवरा कपडे बांधत होता. मी चष्मा चढवून चित्राजवळ गेले, कारण माझे डोळेही आता कोवळे राहिलेले नाहीत.

सकीना नव्हती.

तिच्या जागी एक झाड होतं. हिरवं, दारं-खिडक्यांना लावतात तसल्या ऑइलपेंटचं, बारीक ब्रशने, पान न् पान काढलेलं. त्या अख्ख्या चित्रात सरळ उभं असलेलं ते एकमेव झाड. अब्बांनी ओळंबा लावून पाहिला असता. गळ्यावर एक रेघ मारली असती तरी भागलं असतं, चाचांना तो नियम माझ्याहून चांगला ठाऊक होता. त्यांनी तिला कापलं नव्हतं. झाडाआड उभं केलं होतं. शेंड्यावर मात्र थोडासा पांढरा रंग तसाच सोडलेला होता. गाठोडं.

मी पलंगावर बसले आणि तिथूनच गावी अम्मीला फोन लावला. तिकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, गोवरापासून. संपल्यावर ती म्हणाली, "तरीच."

"तरीच काय?"

"अगो, बशीरचा फोन आयलेला. चित्र नेलंन त्याच्या पुढच्याच ईदला. मला म्हणतो, भाबी, डोंगरावर मी एक झाड लावलंय. मला वाटलं, एकटा ऱ्हातो, काय तरी बोलतोय."

"आणखी काय म्हणाले?"

"तुला निरोप होता. शबानाला सांगा म्हणाला, ती बोललेली झाडंच हायत. आता झाडंच हायत."

"अम्मी! मग मला सांगितलं का नाहीस?"

"झाडाचं काय सांगायचं गो?" अम्मी म्हणाली. "ते चित्र तेवढं नीट गुंडाळून आण. माजी ओढणी असंल तिथंच कुठं तरी."

ओढणी होती. उशीखाली, घडी करून.